प्रकल्प नोंदी: पुण्याच्या हवेतलं पहिलं व्हायोलिन, जून २०२३ ते जुलै २०२४

१२ जून २०२३

काम सुरू. एका शिकाऊ कारागिराच्या हातून पहिलं पूर्ण व्हायोलिन घडवायचं आणि त्याचं वर्षभराचं शिक्षण पुण्याच्या हवेप्रमाणे लावायचं, असं ठरलं आहे. पुस्तकातला क्रम साचा, बाजूच्या पट्ट्या, पाठ, तबली (पुढची फळी), मान असा सरळ जातो. जूनमध्ये त्या क्रमाने निघालं तर ध्वनिपेटी ऐन पावसात बंद होते, आणि ऐन पावसात बंद केलेली ध्वनिपेटी पुढच्या एप्रिलात तडकते.

कारण आकड्यांतच आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते. लाकूड त्या त्या हवेत पूर्ण मुरलं की त्यातलं पाणी साधारण ६ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर जातं. क्वार्टर-सॉन, म्हणजे वार्षिक रेघा उभ्या राहतील असा कापलेल्या, स्प्रूसची (तबलीच्या लाकडाची) रुंदी दर एका टक्क्याला ०.१३ ते ०.१५ टक्के बदलते. व्हायोलिनचा खालचा फुगा २०६ मिमी रुंद असतो. तबली मोकळी असती तर पाऊस ते उन्हाळा या प्रवासात ती पावणेतीन-तीन मिमी आक्रसली असती. चिकटवलेली असल्यामुळे तिला आक्रसता येत नाही, मग ती फाटते. उलट कोरड्या हवेत जोडलेली तबली पावसात फुगते, कमान थोडी वर उचलते आणि फार तर कडेचा सांधा सुटतो. सुटलेला सांधा पुन्हा बसवता येतो. साउंडपोस्टच्या (तबली आणि पाठीमधल्या उभ्या दांडीच्या) जागी गेलेली चीर मात्र वाद्याची किंमत कायमची पाडते.

म्हणून पावसाळ्यात धार, सराव, दुरुस्ती आणि स्क्रोल (मानेच्या टोकाची कोरीव गुंडाळी). सरसाचं सगळं काम दिवाळीनंतर. मार्च-एप्रिलमध्ये वॉर्निश, मे महिन्यात तारा.

पहिला महिना फक्त धार. सपाट पटाश्या, वेगवेगळ्या वळणाच्या गोल पटाश्या, सुऱ्या, ब्लॉक रंधा, पाच नंबरचा रंधा, बोटाएवढे पितळी रंधे आणि स्क्रेपर. १००० आणि ६००० ग्रिटचे दोन दगड पुरतात. पटाशीचा कोन २५ अंश. केस कापून धार तपासण्यात अर्थ नाही. मऊ स्प्रूसचं आडवं टोक कापून बघावं. काप चकाकला आणि प्रत्येक वार्षिक रेघ वेगळी दिसली तर धार आहे. पांढुरका, चुरगळलेला दिसला तर पुन्हा दगडावर. या दिवसांत पातं रात्रभर उघडं राहिलं तरी सकाळी गंज धरतं, त्यामुळे काम संपलं की शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवणं हाही धडाच.

३ जुलै २०२३

सरावाचं लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून: आयात पाइनचे तुकडे आणि सागाची कात्रणं. सागात सिलिका असते, पात्याची धार लवकर जाते. शिकणाऱ्यासाठी ते बरंच, दगडाशी गाठ वारंवार पडते.

काम एकच, ४०० मिमी लांबीच्या दोन फळ्यांचा सांधा. रंधा उलटा शिकंजात धरून फळी त्यावर ओढायची किंवा फळी धरून रंधा चालवायचा, दोन्ही चालतं. तपासणी मात्र कडक. एक फळी दुसरीवर उभी ठेवून खिडकीच्या उजेडात धरायची. उजेडाची बारीक रेघसुद्धा दिसता कामा नये. मग वरची फळी टोकाशी धरून हलकेच फिरवायची. ती मधोमध टेकून फिरली तर मध्ये फुगवटा आहे. दोन्ही टोकांना घासत फिरली तर सांधा जमला. शिकाऊ मंडळी पहिल्यांदा हमखास फुगवटा काढतात, कारण रंध्यावरचा दाब सुरुवातीला पुढच्या हातावर आणि शेवटी मागच्या हातावर न्यायचा असतो, तो ते सगळीकडे सारखा ठेवतात.

खरं लाकूड कपाटात मुरायला ठेवलं आहे. तबलीसाठी उत्तर इटलीतल्या व्हाल दि फिएम्मे खोऱ्यातला स्प्रूस, पाठ, पट्ट्या आणि मानेसाठी बोस्नियाचा मेपल. स्प्रूस करवतीने फाडलेला नाही, पाचरीने फोडलेला आहे, त्यामुळे तंतू कुठे तिरपे सुटत नाहीत. तंतू तिरपे असले की पातळ केलेली तबली त्या दिशेने कमजोर पडते आणि एफ-होलच्या (तबलीतल्या f आकाराच्या छिद्राच्या) टोकाशी चिरते. घनता मोजली: दर घनसेंमीला ०.४० ग्रॅम. ०.३८ ते ०.४३ मधलं काहीही पहिल्या वाद्याला योग्य.

२४ जुलै २०२३

दुरुस्तीचा हंगाम. शिकाऊला बाकाशेजारी बसवून हेच शिकवायचं, कारण पुढे घर चालणार आहे ते याच कामावर.

पावसात येणाऱ्या व्हायोलिनांत तीन तक्रारी ठरलेल्या. पहिली, आत काहीतरी खडखडतंय. म्हणजे साउंडपोस्ट पडला. पोस्टचे तंतू उभे असतात, त्याची लांबी हवेने बदलत नाही. बाजूच्या पट्टीची उंची मात्र तंतूंच्या आडवी असते, ३० मिमी उंचीत ती अर्धा मिमीपर्यंत वाढू शकते, शिवाय तबलीची कमान वर येते. पोस्ट सैल होतो आणि तारा उतरवल्या की आडवा पडतो. पडलेल्या पोस्टवर तारा ताणून ठेवल्या तर तबली खाली दबते, तेव्हा आधी सगळ्या तारा सैल करणं. हे ग्राहकाला फोनवरच सांगायचं.

दुसरी तक्रार कडेचा सांधा सुटल्याची. बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक केली की सुटलेल्या जागी आवाज पोकळ, फाटका येतो. पातळ पात्याने जुना सरस कोमट पाण्याने ओला करून काढायचा, ताजा पातळ सरस पात्यावरच आत न्यायचा, क्लॅम्प लावायचे, ओल्या फडक्याने पुसायचं. इथे पांढरा पीव्हीए गोंद कधीही नाही. तो सुटत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात जिथे सांध्याने सुटून ताण सोडायला हवा तिथे लाकूड फाटतं. असा गोंद भरलेली वाद्यं दर पावसाळ्यात येतात. तो खरवडण्याचा वेळ मूळ कामाच्या कितीतरी पट जातो.

तिसरी, खुंट्या अडकल्याची. जोर लावून फिरवली तर खुंटीची मान मोडते. खुंटीच्या बारीक टोकावर आतून बाहेर हलका ठोका, मग बाहेर काढून कोरडा साबण आणि खडू. साबणाने फिरते, खडूने थांबते.

बोचे (व्हायोलिन वाजवायच्या गजाचे) केस बदलण्याचं कामही याच दिवसांत शिकवतो. एका बोला घोड्याच्या शेपटीचे साधारण १६० ते १८० केस. ओल्या हवेत केस लांबतात, कोरड्यात आखडतात. जुलैत मापात घट्ट बांधलेले केस एप्रिलमध्ये इतके आखडतात की स्क्रू पूर्ण सैल केला तरी काडी ताणलेलीच राहते. म्हणून पावसाळ्यात किंचित लांब बांधायचे, उन्हाळ्यात किंचित आखूड. जुने चांगले बो पर्नांबुको लाकडाचे. हे ब्राझीलचं झाड २००७ पासून साइटिसच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहे, त्यामुळे जुनी काडी मोडली तरी फेकायची नाही.

२१ ऑगस्ट २०२३

आज हत्यार बाजूला, पुढच्या वाटेबद्दल नोंद.

बाहेर जाऊन रीतसर शिकायचं तर जर्मनीत मिटेनवाल्डची शाळा १८५८ पासून आहे, इटलीत क्रेमोनाची १९३८ पासून, इंग्लंडात न्यूअर्कची १९७२ पासून, अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीची १९७२ पासून आणि शिकागोची १९७५ पासून. अशा शाळांत साधारण तीन-साडेतीन वर्षं जातात. प्रवेशासाठी वादनाची जाण, चित्रकला आणि हाताची सफाई बघितली जाते. जर्मन पद्धतीत त्यानंतर गेझेले म्हणून दुसऱ्याच्या कार्यशाळेत काम, मग मास्टरची परीक्षा. शाळेतून बाहेर पडलेल्याची स्वतःची व्हायोलिनं लगेच कोणी घेत नाही. पहिली काही वर्षं दुरुस्ती आणि सेटअपमध्येच (घोडी, तारा, साउंडपोस्ट जुळवण्यातच) जातात. ही वर्षं वाया जात नाहीत. दोनशे वर्षांची वाद्यं उघडून आतली जाडी, बासबारची (तबलीला आतून चिकटवलेल्या लांब पट्टीची) जागा, जुन्या दुरुस्त्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निर्णयाला वजन येत नाही.

कार्यशाळेत बसून शिकण्याची परंपरा त्याहून जुनी. १६३० च्या प्लेगने क्रेमोनात आमाती घराण्यातले जिरोलामो गेले. मुलगा निकोलो मागे राहिला आणि त्याने पुढे घराबाहेरचे शिकाऊ घरात घेतले. आंद्रेआ ग्वार्नेरी त्यांतलाच. घराण्यातली विद्या गावभर झाली ती तिथून. क्रेमोनाच्या व्हायोलिन घडवण्याच्या परंपरेला युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त वारशात घेतलं.

पुण्यातल्या शिकाऊला आणखी एक आधार आहे, मिरज. सतार-तानपुऱ्याचे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. लाकूड वेगळं, वाद्य वेगळं, पण जवारी काढताना ते ज्या बारकाईने ऐकतात ते ऐकणं व्हायोलिनच्या सेटअपमध्ये जसंच्या तसं कामी येतं. आमचं मत असं की परदेशी शाळेचा अर्ज भरण्याआधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा इथल्या दुरुस्तीच्या बाकावर काढावा. हे काम अंगाला झेपतं का, ते फी भरण्याआधी कळतं.

१८ सप्टेंबर २०२३

स्क्रोल. यात सरस लागत नाही, म्हणून ओल्या हवेतही चालतं. मेपलचा ठोकळा सहा बाजूंनी काटकोनात हवा. एक बाजू अर्धा अंश जरी तिरकी असली तरी स्क्रोल मानेवर कलतो आणि ते दुरून दिसतं.

आराखडा दोन्ही बाजूंना पत्र्याच्या साच्यातून टाचणीने टोचून उतरवला. बाह्यरेषा करवतीने, मग खुंट्यांची चार छिद्रं ड्रिलने, ठोकळा अजून चौकोनी आहे तोवरच. नंतर केली तर काटकोन सापडत नाही. स्क्रोलच्या डोळ्यांपाशी (वळणाच्या मध्याशी) रुंदी ४२ मिमी, पेगबॉक्सच्या (खुंट्या बसतात त्या खोबणीच्या) भिंती ५ मिमी. वळणं कापताना करवतीचे उभे काप बाहेरून आत, प्रत्येक काप खुणेच्या एक मिमी अलीकडे थांबवायचा. इथेच सगळ्यात जास्त स्क्रोल बिघडतात. करवत पलीकडच्या कडेला खोल जाते, अलीकडून दिसत नाही, आणि वळणाच्या उभ्या भिंतीवर कायमचा ओरखडा राहतो.

पेगबॉक्सचा तळ ‘ए’ तारेच्या खुंटीखाली पुरेसा खोल ठेवायला हवा. उथळ राहिला तर तार तळाला घासते आणि सुराला चिकटून राहत नाही.

२३ ऑक्टोबर २०२३

खंडेनवमी. सगळी पाती धार लावून, तेल पुसून पूजेला मांडली. त्यानिमित्ताने एकेक हत्यार भिंगाखाली पाहिलं. गोल पटाश्यांच्या कोपऱ्यांना दोन ठिकाणी खळगे होते, ते आधी घालवले.

साचा तयार. आतला साचा, क्रेमोनाच्या पद्धतीचा, १५ मिमी प्लायवुडचा. शरीराची लांबी ३५५, वरचा फुगा १६७, कंबर ११०, खालचा फुगा २०६ मिमी. बाहेरची कड पट्टीची जाडी आणि तबलीचा बाहेर येणारा काठ वजा करून. साच्याची कड पृष्ठभागाला काटकोनात आहे की नाही ते गुण्याने दर दोन सेंमीला तपासलं. कड कललेली असेल तर पट्ट्या वर-खाली वेगळ्या मापाच्या होतात आणि पाठ-तबली एकमेकांशी जुळत नाहीत.

२० नोव्हेंबर २०२३

आर्द्रता ४८ टक्के. सरस भिजत घातला.

एक भाग दाणे, दोन भाग थंड पाणी, रात्रभर. सकाळी दुहेरी भांड्यात ६० अंश सेल्सिअस. ६५ च्या वर गेला तर त्यातलं प्रथिन तुटतं आणि सांधा ठिसूळ होतो. ब्रशवरून ओघळताना एकतारी पाकाइतका दाट हवा. तबलीच्या कडेसाठी याहून पातळ. उरलेला फ्रिजमध्ये, आणि वास आला की फेकायचा.

सहा ठोकळे स्प्रूसचे, साच्याला एकेका थेंबाने चिकटवले, कारण नंतर सोडवायचे आहेत. मग आकार देऊन पट्ट्या. मेपल १ मिमी जाडीला आणला, रंध्याने नाही, दातेरी पात्याने आणि स्क्रेपरने. लाटा असलेल्या मेपलचे तंतू पट्टीभर वर-खाली होतात आणि साधं पातं प्रत्येक लाटेत लाकूड उपटतं. जाडी कॅलिपरने सगळीकडे मोजली, ०.१ मिमीचा फरकही वाकवताना कळतो, पातळ जागी कोन पडतो.

आधी कंबरेच्या पट्ट्या, वळण तिथे सर्वात तीव्र. वाकवायची लोखंडी नळी २०० अंशांच्या आसपास. पाण्याचा थेंब टाकला की पसरून उकळत बसला तर थंड आहे, नाचत उडाला तर तयार आहे. पट्टी फक्त ओल्या फडक्याने पुसलेली, भिजवलेली नाही. भिजवली तर लाटांच्या जागी आडव्या पन्हळी उठतात. बाहेरून पातळ पितळी पत्रा पट्टीबरोबर धरून दाबायचं, त्याने बाहेरचे तंतू फाटत नाहीत. पट्टी वाकायला लागल्याचं हाताला कळतं. ती मऊ पडून नळीकडे ओढली जाते. त्याआधी जोर लावला की मोडते, आणि शिकाऊ हात तिथेच घाई करतो.

आतल्या अस्तरपट्ट्या २ मिमी जाड, कंबरेत त्यांची टोकं कोपऱ्यांच्या ठोकळ्यांत खाच करून बसवली. उंची खालच्या ठोकळ्यापाशी ३२, मानेपाशी ३० मिमी.

११ डिसेंबर २०२३

पाठ आणि तबलीचे मधले सांधे चिकटवले. लाकूड आधी कोमट केलं, नाहीतर थंड पृष्ठभागावर सरस जेलीसारखा गोठतो आणि सांध्यात जाड थर राहतो.

कमानी: तबली १५.५, पाठ १५ मिमी उंच. मोठ्या गोल पटाशीने आडवे काप, मग पितळी रंधे, मग स्क्रेपर. एक लांब आणि पाच आडवे साचे. साचे नुसते मार्गदर्शक आहेत. दिवा एका बाजूला खाली ठेवून सावली बघणं जास्त खरं, सावलीची रेघ कुठे मोडली तर तिथे उंचवटा.

पर्फलिंग (कडेलगत खाचेत बसवलेली बारीक पट्टी) कडेपासून ४ मिमी आत, खाच १.३ मिमी रुंद, २ मिमी खोल. हे सजावटीपुरतं नाही. कडेला धक्का बसून निघालेली चीर पर्फलिंगपाशी अडते. कोपऱ्यात काळी-पांढरी-काळी पट्टी ४५ अंशांत मिटवून टोक कोपऱ्याच्या आत वळलं पाहिजे. खाच स्प्रूसमध्ये कापणं मेपलपेक्षा अवघड. हिवाळी रेघ कडक आणि मधला भाग मऊ, त्यामुळे सुरी रेघेमागे धावते. हलके तीन-चार काप, एक जोराचा नाही.

सवाई गंधर्व महोत्सवाच्या आधीच्या या दिवसांत सेटअपची वाद्यं भरपूर असतात. शिकाऊला घोड्या (तारा टेकतात त्या उभ्या पट्ट्या) सरळ करण्याचं काम दिलं आहे. तारा चढवताना घोडी फिंगरबोर्डकडे कलत जाते. पाठीमागची बाजू तबलीला काटकोनात ठेवणं हे रोज तपासायचं.

८ जानेवारी २०२४

आर्द्रता ४५. जाडी काढण्याचं काम.

तबली मध्यभागी ३.०, बाजूंना २.५ मिमी. पाठ मध्यभागी ४.५, कडांकडे २.५. एफ-होल वरच्या डोळ्यांत ४२ मिमी अंतर ठेवून काढली, आतली खाच वरच्या कडेपासून १९५ मिमीवर. डोळे आधी छिद्रकाने, मग बारीक करवत, मग सुरी. सुरी नेहमी तंतूंच्या उताराला. उलटी चालवली तर पंखाचं टोक उडतं.

बासबार २७० मिमी लांब, ५.५ मिमी रुंद, घोडीखाली १२ मिमी उंच. घोडीच्या पायाच्या बाहेरच्या कडेपासून १ मिमी आत. खडू लावून बसवणी: बारचा तळ तबलीच्या आतल्या वळणावर घासायचा, खडू लागलेली जागा स्क्रेपरने काढायची, पुन्हा. पूर्ण लांबीभर सारखा डाग उठेपर्यंत. ताण देऊन, म्हणजे टोकं उचललेली ठेवून बार बसवत नाही. तो ताण काही महिन्यांत लाकडात विरतो आणि तबलीला मात्र वाकडं करून जातो.

बारसकट तबली ७० ग्रॅम, पाठ १०६ ग्रॅम. वजनाशेजारी आर्द्रता लिहिणं सक्तीचं. ७० ग्रॅमच्या तबलीत पाणी एका टक्क्याने वाढलं तरी वजन ०.७ ग्रॅमने चढतं, मग उगाच लाकूड काढलं जातं. टॅप टोन (तबलीवर टकटक केल्यावर येणारा सूर) ऐकून वहीत नोंदवला, पण त्यामागे लागून तबली पातळ करू दिली नाही. पहिल्या वाद्यात दोन-चार ग्रॅम जास्त असलेले चालतात.

२९ जानेवारी २०२४

पेटी बंद केली. आधी पाठ पट्ट्यांना, मग साचा काढला, वरची अस्तरं, आतून स्वच्छता, लेबल, मग तबली. तबलीच्या कडेला पातळ सरस, पाठीला नेहमीचा. पुढे कोणाला तरी ही तबली उघडावी लागणार आहे. सांधा लाकडाआधी सुटला पाहिजे.

खालच्या टोकाची एबनीची सॅडल (तबलीच्या कडेत बसणारी आडवी पट्टी) बसवताना दोन्ही बाजूंना अर्धा मिमी फट ठेवली. एबनीचे तंतू आडवे, स्प्रूसचे उभे. उन्हाळ्यात तबली आक्रसते, सॅडल आक्रसत नाही. फट नसेल तर सॅडलच्या कोपऱ्यातून सरळ वर चीर जाते. इथे विकल्या जाणाऱ्या स्वस्त व्हायोलिनांत ही चीर फार दिसते.

१९ फेब्रुवारी २०२४

मान बसवली. चार मापं एकाच वेळी जुळवावी लागतात: मानेची लांबी १३० मिमी, फिंगरबोर्डची तबलीपासून उंची, घोडीच्या जागी प्रोजेक्शन (फिंगरबोर्डची रेषा पुढे वाढवली की तबलीपासून येणारी उंची) २७ मिमी, आणि मध्यरेषा. एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं, म्हणून दर कापानंतर चारही मोजायची. मानेचे १३० आणि एफ-होलच्या खाचेपर्यंतचे १९५ यांचं प्रमाण २:३ आहे. ते चुकलं तर दुसऱ्या वाद्यावर तयार झालेल्या वादकाची बोटं इथे चुकीच्या जागी पडतात. बसवणी इतकी घट्ट हवी की सरसाशिवायही मान धरून पेटी उचलता यावी.

१८ मार्च २०२४

वॉर्निश. तेलाचं, दोन भाग राळ आणि एक भाग जवसाचं तेल वजनाने, उघड्या गच्चीवर, झाकण आणि वाळूची बादली हाताशी ठेवून शिजवलेलं. शिकाऊने शिजवायचं नाही, फक्त पाहायचं. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकली तर उन्हाळ्यात आपोआप पेट घेतात. ती पाण्यात बुडवून मग पसरून वाळवायची.

पुण्याचं ऊन फुकट मिळतं म्हणून वाद्य गच्चीवर टांगण्याचा मोह होतो. टांगू नये. गडद वॉर्निशचा पृष्ठभाग उन्हात भराभर तापतो, लाकूड काही तासांत कोरडं पडतं आणि मधला सांधा उघडू शकतो. यूव्ही ट्यूबची पेटी, आत पंखा आणि पाण्याचं भांडं, आर्द्रता ४० च्या खाली जाऊ द्यायची नाही. थर पातळ, आधीचा पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा नाही. जाड थर वरून सुकतो, खाली मऊ राहतो आणि वाद्य ठेवायच्या पेटीतल्या मखमलीचा ठसा उठतो.

दुरुस्तीच्या डागांसाठी चपड्याचं स्पिरिट वॉर्निश वेगळं ठेवलं आहे. ते पावसाळ्यात वापरू नये, स्पिरिट उडताना हवेतलं पाणी धरतं आणि पांढरा धूसर पापुद्रा येतो.

६ मे २०२४

सेटअप. हे वाद्य हिंदुस्थानी पद्धतीने, मांडी घालून, स्क्रोल उजव्या पावलावर टेकवून वाजवलं जाणार आहे. त्यामुळे काही निर्णय वेगळे.

पहिला तारांचा. पाश्चात्त्य मेळ जी-डी-ए-ई. इथे सा-प-सा-प. सा पांढरी चार, म्हणजे ‘एफ’, धरला तर ‘ई’ तार ‘सी’ वर आणि ‘ए’ तार ‘एफ’ वर येते, म्हणजे चार स्वरांश (हार्मोनियमच्या चार लगतच्या पट्ट्या) खाली. ताण कंपनसंख्येच्या वर्गाने बदलतो, तेव्हा या दोन तारांवर ६३ टक्केच ताण उरतो. ‘डी’ आणि ‘जी’ दोन स्वरांश उतरतात, त्यांच्यावर ७९ टक्के. नेहमीचा एकूण साडेबावीस किलोचा ताण सोळा किलोच्या आसपास येतो. आवाज मऊ, पण तारेवर बोची पकड बसत नाही, बोटाखाली तार ढिली. उपाय जाड गेजच्या तारा. सा आणखी खाली, पांढरी दोनवर (‘डी’ वर) असेल तर तारा एक घर सरकवायच्या: पहिल्या जागी ‘ए’, दुसऱ्या जागी ‘डी’, तिसऱ्या जागी ‘जी’ दोन स्वरांश चढवून, चौथ्या जागी व्हायोलिनच्या लांबीची ‘सी’ दोन स्वरांश चढवून. तेव्हा नटच्या (फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा त्या जाडीला रुंद कराव्या लागतात, नाहीतर तार अडकून मग एकदम सुटते.

दुसरा फिंगरबोर्डचा. मींड लांब, एका तारेवर सप्तकभर. फिंगरबोर्डमध्ये कुठे जरी उंचवटा राहिला तर मींडेत तो खरखरतो. लांबीभर खोलगट वळण ०.५ मिमी, जाड तारेखाली ०.७. तारांची उंची बोर्डच्या टोकाशी जाड बाजूला ४.८, बारीक बाजूला ३.० मिमी. काही वादक डाव्या बोटांना तेल लावतात. ते तेल नटमार्गे खुंट्यांपर्यंत पोचतं आणि खुंट्या घसरतात, म्हणून चारही तारांना टेलपीसवर (तारांची खालची टोकं अडकतात त्या तुकड्यावर) फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक जुळवायचे स्क्रू. तानपुऱ्यासमोर तार लावताना त्याशिवाय भागत नाही.

घोडी: पायांची रुंदी ४१.५, पायापाशी जाडी ४.३, वर १.३ मिमी. ताण कमी असल्यामुळे कंबर थोडी हलकी कापली. साउंडपोस्ट ६ मिमी व्यासाचा, बारीक बाजूच्या पायामागे २.५ मिमी. पोस्टची टोकं दोन्ही कमानींना सगळीकडे टेकली आहेत की नाही ते आरसा आणि दिव्याने बघितलं. एका कडेवर टेकलेला पोस्ट स्प्रूसमध्ये खड्डा पाडतो आणि सूर कडक, पातळ होतो.

१५ जुलै २०२४

पहिल्या पावसात तपासणी. आर्द्रता ८३. जाड बाजूची तार ४.८ वरून ५.४ मिमीवर, कमान उचलली आहे. प्रोजेक्शन २७ वरून २६.५, नव्या मानेत अपेक्षितच. तबलीवर चीर नाही. खालच्या फुग्यात जाड तारेच्या बाजूला ४० मिमी सांधा सुटला होता, पातळ सरसाने बसवला. ते काम शिकाऊनेच केलं.

पोस्ट सैल आहे. नवा लांब पोस्ट कापलेला नाही, तो एप्रिलमध्ये तबलीला आतून ढकलेल. आहे तोच अर्धा मिमी एफ-होलकडे सरकवला; तिथे पाठ-तबलीतलं अंतर कमी असतं, पोस्ट पुरेसा धरतो. पावसाळ्यासाठी ०.६ मिमी कमी उंचीची दुसरी घोडी कापून वाद्याबरोबर दिली, तिच्या पायाखाली ‘पावसाळी’ असं पेन्सिलने लिहून.

दुसऱ्या वाद्याची पाठ एकसंध मेपलची निवडली आहे आणि तबलीचा स्प्रूस थोडा हलका, ०.३८ चा. साचा तोच. दोन्ही फळ्या आर्द्रता धरलेल्या कपाटात ४५ ते ५० टक्क्यांवर नोव्हेंबरपर्यंत राहतील. तोवर शिकाऊकडे ग्राहकांच्या विद्यार्थी व्हायोलिनांचे सुटलेले सांधे आणि खुंट्या, देखरेखीशिवाय. पोस्टचं काम अजून बाकावर दोघांनी.